विश्लेषण : तिरंदाजीत ‘शांत’ करणारी गोळीही उत्तेजक कशी ठरते?

‘उत्तेजक द्रव्य’ म्हटले की डोळ्यांसमोर येतात फुगलेले स्नायू, धावपटू किंवा वेटलिफ्टर. तिरंदाजीत मात्र सर्वाधिक धोका ताकद वाढवणाऱ्या नव्हे, तर छातीतली धडधड कमी करणाऱ्या औषधांचा आहे. रक्तदाबाची साधी गोळी, काचबिंदूचे थेंब किंवा खोकल्याचे औषध यामुळेही खेळाडूवर बंदी येऊ शकते. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंड प्रकारातील मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाल्यापासून महाराष्ट्रातील मुला-मुलींचीही आशा वाढली आहे. त्यामुळे हे नियम समजून घेणे गरजेचे आहे.

‘बीटा ब्लॉकर’वर बंदी कशासाठी?

रीकर्व्ह प्रकारात तिरंदाज ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर बाण सोडतो. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटरचे. इतक्या अंतरावर हाताचा किंचित कंपही बाण बाहेर नेतो. ताण आला की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधे ॲड्रेनलिनचा हाच परिणाम रोखतात. टोक्यो ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणात तिरंदाजांचे हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले जात होते. महिलांच्या अंतिम लढतीतील निर्णायक बाणाच्या वेळी कोरियाची आन सान मिनिटाला ११८ ठोक्यांवर होती, तर तिची प्रतिस्पर्धी येलेना ओसिपोव्हा १६७वर. मनावरचा हा ताबा वर्षानुवर्षांच्या सरावातून येतो. तो गोळीने मिळवणे म्हणजे खेळाचा गाभाच पळवणे.

म्हणूनच जागतिक उत्तेजकविरोधी संस्था अर्थात ‘वाडा’ने बीटा ब्लॉकरवर ठरावीक खेळांपुरती बंदी घातली आहे. त्यातही बहुतेक खेळांत ती फक्त स्पर्धेच्या काळात लागू होते. तिरंदाजी आणि नेमबाजीत मात्र बाराही महिने. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जाँग-सू याच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडले आणि त्याला रौप्य व कांस्य अशी दोन्ही पदके गमवावी लागली. मद्य मात्र १ जानेवारी २०१८पासून वाडाच्या यादीत नाही. तोवर तिरंदाजीत स्पर्धाकाळात त्यावरही बंदी होती.

ही औषधे घरात असतात का?

अडचण तिथेच आहे. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही नावे घरोघरच्या औषधांच्या डब्यात सापडतील. रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, अर्धशिशी यासाठी डॉक्टर ती देतात. काचबिंदूसाठी वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंबही याच गटातले आणि डोळ्यात घातले तरी तिरंदाजाला वर्ज्यच. खांद्याचे दुखणे हे तर तिरंदाजाच्या पाचवीलाच पुजलेले. सांध्यात दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन २०२२पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. स्पर्धेच्या तोंडावर ते घेतले तर त्याचा अंश नमुन्यात उतरू शकतो. होळीतली भांगही अशीच. बंदी केवळ स्पर्धाकाळापुरती असली, तरी तिचा अंश लघवीत बरेच दिवस राहतो.

‘मला माहीत नव्हते’ हे चालते का?

शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची, हे या नियमांचे मूळ तत्त्व. औषध कोणी दिले, का दिले, हेतू काय होता, हे प्रश्न शिक्षा ठरवताना येतात. दोष ठरवताना नाही. मुंबईकर क्रिकेटपटू पृथ्वी शॉचे २०१९चे प्रकरण बोलके आहे. त्याच्या नमुन्यात खोकल्याच्या औषधांत असणारे टर्ब्युटलिन सापडले. ते अनवधानाने घेतले गेल्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला, तरीही आठ महिन्यांची बंदी टळली नाही.

बीटा ब्लॉकरसारख्या ‘विनिर्दिष्ट’ द्रव्यांसाठी साधारण दोन वर्षांपर्यंत बंदी होते. हेतुपुरस्सर सेवन सिद्ध झाले तर चार वर्षे. नमुना द्यायला नकार देणे किंवा चाचणी टाळणे यालाही चार वर्षांची शिक्षा होऊ शकते. वाडाच्या संहितेत नियमभंगाचे एकूण ११ प्रकार आहेत. त्यांत द्रव्य बाळगणे, नमुन्यात फेरफार करणे, दुसऱ्याला मदत करणे आणि तक्रार करणाऱ्याला धमकावणे यांचाही समावेश आहे. म्हणजे प्रशिक्षक आणि डॉक्टरही यातून सुटत नाहीत.

मग आजारी पडल्यावर काय करायचे?

औषध अत्यावश्यक असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने तो राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे म्हणजे ‘नाडा’कडे, तर आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने जागतिक तिरंदाजी महासंघाकडे करायचा. तो स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करणे अपेक्षित असते. तातडीच्या उपचारांत नंतरही करता येतो. मात्र त्या औषधाने खेळात जादा फायदा होत नाही आणि त्याला योग्य पर्याय नाही, हे दाखवावे लागते. तिरंदाजीत बीटा ब्लॉकरसाठी ही सवलत मिळणे म्हणूनच अवघड. त्यामुळे ‘मी तिरंदाज आहे, माझी चाचणी होते’ हे वाक्य डॉक्टरांसमोर बसताच सांगणे, हा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पॅरा तिरंदाजांना नियमित औषधे घ्यावी लागतात, त्यांनी तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी.

चाचणीची नोंद आणि हक्क काय?

निवडक खेळाडूंचा चाचणीसाठी नोंदणीकृत गट असतो. त्यांना दर तिमाहीला आपला ठावठिकाणा कळवावा लागतो आणि रोज पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतला एक तास निश्चित सांगावा लागतो. १२ महिन्यांत तीनदा चाचणी चुकली किंवा माहिती चुकीची दिली, तर शरीरात काहीही न सापडताही बंदी येते. दुसरीकडे खेळाडूला हक्कही आहेत. चाचणीच्या वेळी सोबत प्रतिनिधी नेणे, शक्य असल्यास दुभाषी मागणे, प्रक्रियेबाबतचा आक्षेप अर्जावर नोंदवणे, ‘ए’ नमुना दोषी ठरल्यास ‘बी’ नमुन्याची तपासणी मागणे हे त्यांपैकी काही. नमुने दहा वर्षांपर्यंत साठवून पुन्हा तपासता येतात.

अल्पवयीन खेळाडूंचे काय?

साताऱ्याची आदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला १७व्या वर्षी विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता ठरला. तिरंदाजीत यश लवकर येते, तसे नियमही लवकर लागू होतात. १६ वर्षांखालील खेळाडूंना ‘संरक्षित’ मानून शिक्षेत सवलत मिळते. त्यांच्या प्रकरणात भोवतालच्या प्रशिक्षक-डॉक्टरांची चौकशी आपोआप सुरू होते. १८ वर्षांपर्यंतही हे संरक्षण मिळते. पण नोंदणीकृत गटात नाव आले किंवा खुल्या गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली की ते संपते. म्हणजे जितकी गुणवत्ता मोठी, तितके हे कवच लवकर गळून पडते.

यंत्रणेची जबाबदारी किती?

वाडाच्या २०२४च्या आकडेवारीनुसार भारतात ७,११३ नमुन्यांपैकी २६० दोषी आढळले. हे प्रमाण ३.६ टक्के आहे. यात ॲथलेटिक्स, वेटलिफ्टिंग, कुस्ती यांचा वाटा मोठा असला, तरी तिरंदाजीने निर्धास्त राहावे असे नाही. २०२२मध्ये देशात उत्तेजकविरोधी कायदा झाला. औषध तपासून पाहण्यासाठी नाडाचे ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप आहे. पण इंग्रजी रासायनिक नावांची यादी गावच्या मैदानावर सराव करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या पालकांना कितपत उमगणार? ही यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, हे तरी किती प्रशिक्षकांना ठाऊक असते?

नियम कडक असायलाच हवेत. ढिलाई झाली तर प्रामाणिक खेळाडूचाच बळी जातो. पण जबाबदारी खेळाडूच्या खांद्यावर टाकायची, तर माहितीही त्याच्या भाषेत, त्याच्या मैदानापर्यंत पोहोचवली पाहिजे. राज्य संघटनेने जिल्हा स्पर्धांच्या नोंदणीवेळीच मराठीतून अर्ध्या तासाचे मार्गदर्शन सक्तीचे केले आणि प्रत्येक अकादमीने सल्ल्यासाठी एक डॉक्टर जोडून घेतला, तर फारसा खर्च येणार नाही. नमुना घेणारा अधिकारी गावात पोहोचण्याआधी नियम सांगणारा पोहोचला पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी उलटे घडते, आणि त्याची किंमत मोजतो तो खेळाडू.