आठ माणसे, दोन केबिन

वरोऱ्याच्या एका भगिनीने विचारले आहे: २०२१ पासून मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझवर घरची आठ माणसे न्यायची, खर्च कसा आवरावा? आम्ही सुचवतो, क्रूझचे भाडे सहसा केबिनमागे दोघे धरून ठरते. तिसऱ्या-चौथ्याला बहुधा कमी पडते, एकट्याला जास्त. म्हणून चार केबिनऐवजी चौघांच्या दोन शेजारशेजारच्या घ्या. एकीत दादी, दोघी सुना आणि मुलगी, दुसरीत पुरुष. पडदाही राहतो. बंदर शुल्क माणशी लागते. ते व कर धरूनच एकूण रक्कम विचारा. वरोरा-मुंबई रेल्वेखर्च वेगळा. मात्र वरचा बर्थ दादींच्या वाट्याला येऊ देऊ नका. थोरांची आबाळ करून चार पैसे वाचले, तर ती बचत कसली?