छायाचित्रे धाडण्यापूर्वी

घरातील मंगलकार्य आटोपले की आप्तांकडून छायाचित्रांची मागणी सुरू होते. मूळ आकारातील आठ-दहा छायाचित्रे जोडली की ई-मेल जाता जात नाही. जीमेलची मर्यादा एकूण २५ एमबी आणि १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे एकेक चित्र सहज चार-पाच एमबी भरते. पडद्यावर पाहण्यासाठी एवढा भार नकोच. ४००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र १६०० बाय १२०० केले, तरी पाहणाऱ्यास सहसा उणीव जाणवत नाही.

संगणकावरील ‘पेंट’मध्ये चित्र उघडावे, ‘रिसाइझ’मध्ये टक्क्यांऐवजी ‘पिक्सेल्स’ निवडून रुंदी १६०० लिहावी. लांबी-रुंदीचे प्रमाण राखणारी खूण तशीच असू द्यावी, अन्यथा माणसे चेपलेली दिसतात. मग ‘सेव्ह’ न करता ‘सेव्ह ॲज’ करून प्रतीला नवे नाव द्यावे.

येथेच मी चुकलो. आजीचे छायाचित्र ६४० पिक्सेल रुंदीचे करून मी घाईने ‘सेव्ह’ केले; मूळ चित्र त्याखाली कायमचे पुसले गेले. परगावच्या आत्याला ते मिळाले, आवडलेही. वर्षभराने आजी गेली. तसबीर करावयास गेलो, तेव्हा स्टुडिओतील गृहस्थ म्हणाले, “चांगल्या छपाईला इंचास ३०० पिक्सेल लागतात. यातून जेमतेम दोन इंचांची प्रत निघेल. मोठी केली तर पुसट होईल.” तरीही मोठीच करून घेतली. भिंतीवर आजी आहे, पण तिच्या डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या त्या तसबिरीत नाहीत.