चाळिशीतली जॅग्वार: गंज खरवडता येतो, बोर्डचं काय?

ब्रिटनमध्ये गाडी 40 वर्षांहून जुनी झाली की रोड टॅक्स माफ. मोठे बदल केलेले नसतील, तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. 1986 मध्ये आलेली जॅग्वार एक्सजे40 आता या रांगेत येतेय. गोची इथेच आहे.

जुन्या गाड्यांत करंट पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. अर्थिंगचा जोड गंजला की दिवे मंदावतात. गंज खरवडला की झालं. एक्सजे40 मध्येही पत्रा तोच, पण जोडीला कंट्रोल युनिट्स, सुरुवातीच्या मॉडेल्सना तर डिजिटल डिस्प्लेही. जोड सैल झाला तरी वाटतं, बोर्डच गेला! फोनच्या पोर्टमध्ये कचरा अडकतो आणि आपण बॅटरी बदलतो ना, तसंच. त्यामुळे आधी मल्टिमीटर लावून जोड तपासा.

बोर्ड खरंच गेला असेल तर मात्र भंगारातल्या गाडीतला शोधावा लागतो. तोही तितकाच म्हातारा.