मैफल ऐकून गुरू ठरवू नये



‘मोठा कलावंत तोच उत्तम गुरू’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. गुरूची पारख शिष्यांच्या गळ्यावरून करावी. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हानगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर शिकले. पण तिघांचे गाणे आपापले राहिले.

नवशिक्याने आधी एक-दोन शिकवण्या बसून ऐकाव्यात. गुरुजी प्रत्येकाची पट्टी पाहतात का? पांढरी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला ते स्वतःच्या काळी एकमध्ये ओढत असतील, तर तिचे खालचे स्वर पुसटच लागणार. घसा दुखू लागला, तर थांबवतात की आणखी जोर लावायला सांगतात? पत्रलेखकांचा रियाजाचा आग्रह रास्तच आहे. मात्र चुकीच्या पट्टीतला रियाज गळा घडवत नाही, बिघडवतो.

— एक वाचक, सांगली