ताटातुटीचे गाणे

गेल्या महिन्यात पौडजवळच्या एका वस्तीत हळदीला गेलो होतो. (बौद्धाच्या घरी हळद कशाला, हा आमचा जुना सवाल. आज तो बाजूला ठेवू.) भीमगीते झाली आणि मग पोरांनी एक नाचाचे गाणे लावले. ठेका असा की पाय आपोआप हलावेत, शब्द मात्र ताटातुटीचे. गाणारी सोडून गेलेल्याला सांगते, आठवण येते पण राग उरला नाही. तुझी वाट तुला, माझी मला.

नवऱ्या मुलाची चुलत बहीण उठली. वर्षापूर्वी तिचा घटस्फोट झालेला. ती नाचली, नाचता नाचता डोळेही पुसले. बायकांत कुजबुज सुरू झाली, "नवऱ्यानं सोडलेली, हिला लाज कशी नाही?" एक जाणते गृहस्थ आमच्या कानाशी लागले, "भाऊ, बाबासाहेबांनी तमाशावाल्याचा पैसासुद्धा शिवला नव्हता." आम्हीही मान डोलावली, हे कबूल करतो.

रात्री झोप लागेना. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला निधी बाबासाहेबांनी नाकारला, ही हकीकत आपल्याकडे घरोघर सांगतात. पण कारण काय सांगतात? तो पैसा आपल्या बायाबापड्यांना फडात नाचवून मिळवलेला होता. त्या फडाची कीर्ती जिच्यामुळे झाली, ती हिवरगावची पवळा आपलीच लेक. पुढे तिची आणि बापूरावांची ताटातूट झाली. लावणीत विरह बाई गाते, पण शब्द बहुधा शाहिराचे, आणि समोर बसलेले पैसे फेकणारे पुरुष. आमच्या या पोरीसमोर कोण होते? आत्या, मावश्या, चुलत्या. ती पोटासाठी नाचत नव्हती.

आणि लाज कसली? आपल्या आज्यांच्या काळी काडीमोड होत असे, पुन्हा पाटही लागत असे. घटस्फोटाची ही लाज आपण पांढरपेशांकडून उसनी आणली. हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क होता. ते बिल रखडवले गेले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण. १९५५ चा विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि १९७६ पासून त्यात दोघांच्या संमतीने घटस्फोट मिळतो. या मुलीने तोच घेतला. म्हणजे ती 'सोडलेली' नव्हेच.

दुसऱ्या दिवशी मंगल परिणयानंतर पंगतीत तीच वाढत होती. आम्ही म्हटले, "पोरी, काल चांगली नाचलीस."

"काका, ते गाणं मीच लावायला सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि पानात आणखी एक पळी आमटी वाढून पुढे गेली.