समुद्रातलं मुद्दल आणि व्याज



जून लागला की आमच्या घरचा जेवणाचा बेत बदलतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. आईने मे महिन्यातच पुरुमेंताचे डबे भरून ठेवलेले असतात. त्यामुळे बांगड्याच्या हुमणाऐवजी ताटात सुक्या सुंगटांची किसमूर येते. परवा जेवताना सातवीतल्या भाचीने विचारलं, "मामा, दोन महिने पकडले नाहीत तर मासे दुप्पट होतात का रे?"

उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही दोघं जेवणानंतर लॅपटॉपवर एक्सेल उघडून बसलो. दुप्पट, चौपट, आठपट असं करत गेलो तर थोड्याच वर्षांत समुद्रात पाण्यापेक्षा मासे जास्त होतात. भाची हसली. म्हणजे वाढीला कुठेतरी लगाम हवा. हा लगाम बेल्जियमचे गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्येच समीकरणात बसवला होता. जागा आणि अन्न मर्यादित असतं, त्यामुळे संख्या त्या मर्यादेजवळ जाऊ लागली की वाढ मंदावते.

आम्ही एक काल्पनिक खाडी घेतली. तिच्यात जास्तीत जास्त १०,००० मासे मावतात. अडचण नसेल तर ते वर्षाला ५० टक्क्यांनी वाढतात. खाडीत १,००० मासे असले तर वर्षाला ४५० ची भर पडते. ९,००० असले तरीही ४५० चीच, कारण आता गर्दी झाली. आणि बरोबर निम्मे, म्हणजे ५,००० असले तर १,२५० ची. ही सगळ्यात मोठी भर.

आजोबांच्या भाषेत सांगायचं तर ५,००० हे मुद्दल आणि १,२५० हे व्याज. दरवर्षी व्याज तेवढं खा, मुद्दल जसंच्या तसं राहील. अमेरिकेचे मत्स्यशास्त्रज्ञ मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये हाच हिशेब मासेमारीला लावला. पुढे अनेक देशांनी 'किती मासे पकडायचे' हे या विचारावर ठरवलं.

मग भाचीने खरा प्रश्न विचारला. "आणि थोडेसे जास्त पकडले तर?"

आम्ही १,२५० च्या जागी १,४०० घातले. फक्त दीडशे जास्त. पहिल्या वर्षाअखेर खाडीत ४,८५० उरले, पाचव्या वर्षी साधारण ४,२००, दहाव्या वर्षी ३,१००. दहा वर्षं झाली तरी निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक आणि जाळ्यात दरवर्षी तेच १,४००. कोणाला शंकाही येणार नाही. पण मुद्दल घटलं की व्याजही घटतं, आणि आपला खर्च तोच. चौदाव्या वर्षी १,२००, पंधराव्या वर्षी ३५० आणि सोळाव्या वर्षी शून्य. भाचीने तो आकडा दोनदा तपासून पाहिला.

हे एक्सेलमधलं झालं. खरोखर असं घडलंय ते कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर. तिथे कॉड नावाचा मासा शतकानुशतकं अमाप मिळायचा. १९६८ मध्ये तिथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली, त्यात परदेशी ट्रॉलरच पुष्कळ. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत आपला हक्क लावला, परदेशी बोटी हटवल्या. आता सगळं ठीक होईल असं वाटलं. पण स्वतःच्याच बोटी वाढल्या आणि शास्त्रज्ञांचे साठ्याचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त निघाले.

ते अंदाज आमच्या खाडीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीच्या गणितावर बेतलेले होते. चूक होती आत घातलेल्या आकड्यांत. मोठे ट्रॉलर आधुनिक यंत्रांनी उरलेले थवे हुडकून काढत. मासे कमी झाले तरी जिथे गोळा होत तिथे जाळं भरूनच येई, आणि भरलेलं जाळं म्हणजे भरलेला समुद्र असा अर्थ लागला. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मात्र सांगत होते की मासे कमी मिळतात आणि लहानच मिळतात.

हे वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं. एकदा ऑफिसात आमचा डॅशबोर्ड रात्रभर हिरवागार होता आणि सकाळी कळलं की निम्म्या ग्राहकांना साइट उघडतच नव्हती. आम्ही फक्त पोचलेल्यांना मोजत होतो. न पोचलेल्यांचे फोन ज्याने घेतले, त्या सपोर्टच्या मुलाचं आम्ही ऐकलं नव्हतं.

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाने कॉडची मासेमारी थांबवली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला, गावंच्या गावं रिकामी झाली. बंदी दोन वर्षांसाठी होती. मधली किरकोळ मुभा सोडली तर ती उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही मर्यादा ठरली १८,००० टनांची. मुद्दल खाल्लं की असं होतं.

आपल्या समुद्राचं गणित वेगळं आहे. इथे एकाच जाळ्यात पन्नास जातींचे मासे येतात, आणि तारलीची संख्या पाण्याच्या तापमानानुसारही वरखाली होते. त्यामुळे एकच सूत्र लावून भागत नाही. पण लगामाचं तत्त्व तेच आहे. पावसाळ्यात अनेक मासे अंडी घालतात, म्हणून ही बंदी. केरळने तर बांगड्यासाठी १४ सेंटीमीटर आणि तारलीसाठी १० सेंटीमीटर अशी किमान लांबी ठरवली आहे. त्याहून लहान मासा म्हणजे अजून व्याज न दिलेलं मुद्दल.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे दोन महिन्यांत मासे दुप्पट होत नाहीत. पण अंडी घालायला आलेला मासा अंडी घालून जातो, आणि पुढचा हिशेब त्यावरच चालतो.

ऑगस्टमध्ये म्हापशाच्या बाजारात जाऊ तेव्हा भाची पट्टी घेऊन येणार आहे म्हणे. आई म्हणाली, "मासेवाली हाकलून देईल तुम्हाला." बघू. तोपर्यंत किसमूर आहेच.