जुन्या यंत्राचा मेंदू कोठे मिळेल?



सायकलचा ब्रेक-रबर झिजला तर तुम्ही काय करता? कोपऱ्यावरच्या दुकानात जाता आणि नवा घेऊन येता. सायकल वडिलांच्या वेळची असली तरी काही अडत नाही. आता अशी कल्पना करा, की तो रबर जगात एकच कंपनी बनवीत होती, तिने तो बनविणे वीस वर्षांपूर्वी थांबविले, आणि त्याच्यावाचून सायकल जागची हलत नाही. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांतील विद्युत विभागाचे लोक नेमक्या अशाच पेचात सापडतात. मी त्यांच्यापैकी एकाबरोबर पाच दिवस हिंडलो आहे, म्हणून हे लिहीत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी साखर कारखान्यात पर्यवेक्षक आहे. काही वर्षांपूर्वी, जानेवारीत, ऐन गळीत हंगामात त्याचा रात्री फोन आला. ‘सर, एक सेंट्रिफ्युगल बंद पडलंय. मोटार चांगली आहे, बेअरिंग चांगलं आहे. डोकंच चालत नाहीये.’

सेंट्रिफ्युगल म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी वेगळी करणारे यंत्र. भोके असलेल्या मोठ्या टोपलीत टनाहून अधिक पाक भरायचा, ती मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी फिरवायची, मळी बाहेर फेकली गेली की दाण्यांवर पाण्याचा फवारा मारायचा, मग ब्रेक लावून साखर खरवडून खाली पाडायची. हे सारे सुमारे तीन मिनिटांत आटोपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कोणती झडप केव्हा उघडायची, ब्रेक केव्हा लावायचा, हे ठरविणारा जो लहानसा संगणक असतो त्याला पीएलसी म्हणतात. माझा विद्यार्थी ज्याला डोके म्हणत होता ते हेच.

पूर्वी हे काम रिले करीत. भिंतभर कपाटे, त्यांत शेकडो रिले आणि तारांचे जंजाळ! काम बदलले की तारा नव्याने जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने याला पर्याय मागितला. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेला ‘मॉडिकॉन ०८४’ हा पहिल्या पीएलसींपैकी एक. तो त्यांचा ८४ वा प्रकल्प होता, म्हणून हे नाव. तारा बदलण्याऐवजी आता प्रोग्रॅम बदलायचा! पुढे जर्मनीच्या सीमेन्सने १९७९ साली ‘सिमॅटिक एस-५’ आणली आणि ती जगभरच्या कारखान्यांत जाऊन बसली. १९९० च्या दशकात तिची जागा एस-७ ने घेतली, आणि यथावकाश एस-५ चे उत्पादन थांबले.

खरी अडचण इथेच आहे. सेंट्रिफ्युगलची लोखंडी काया नीट निगा राखली तर तीस-चाळीस वर्षे टिकते. चिपचे आयुष्य मात्र बाजार ठरवितो, आणि बाजाराला दर काही वर्षांनी नवी चिप हवी असते. शरीर एका घड्याळाने म्हातारे होते आणि मेंदू दुसऱ्याच घड्याळाने.

आम्ही कपाट उघडले. वीज पुरविणाऱ्या कार्डावरचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर माथ्यावर फुगले होते. त्यांच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो आणि कपॅसिटर निकामी होतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा याबाबतचा ठोकताळा आहे. साखर कारखान्यातला उकाडा ज्याने अनुभवला आहे त्याला अधिक सांगायला नको. नुसते कपॅसिटर बदलून पाहिले, पण ते जाताना आणखी काहीतरी घेऊन गेले होते, आणि कार्डाचा नकाशा कोणाजवळच नव्हता. कंपनीला विचारले तेव्हा ‘हे उत्पादन बंद झाले आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर आले.

मग आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. तेथे तीन दुकानांत नकार आला. चौथ्या दुकानात माळ्यावरून धुळीने माखलेली दोन कार्डे खाली आली. एक खोक्यात सीलबंद होते, दुसरे वापरलेले. विद्यार्थ्याने हात अर्थातच सीलबंद खोक्याकडे नेला. दुकानदार म्हणाले, ‘मास्तर, हे नवं आहे, पण झोपलेलं आहे. ते जुनं आहे, पण गेल्या वर्षापर्यंत चालत होतं.’

दुकानदारांना भौतिकशास्त्र चांगले येत होते. कपॅसिटरमधील ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विद्युतरोधकाचे काम करतो. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास हा थर कमजोर होतो. एकदम पूर्ण दाब दिला तर ‘नवे’ कार्ड पहिल्याच मिनिटात जळू शकते. जाणकार लोक दाब हळूहळू वाढवीत नेतात, म्हणजे थर पुन्हा तयार होतो. (घरी हा प्रयोग करू नका, असे कपॅसिटर फुटतात.) आम्ही वापरलेले कार्ड घेतले.

दुसरी धास्ती नकली मालाची. भंगारातील चिपचा माथा घासायचा, त्यावर हवा तो क्रमांक छापायचा, की झाली नवी चिप! अमेरिकन सिनेटच्या एका समितीने २०१२ साली लष्करी सामग्रीतील अशा संशयास्पद भागांची चौकशी केली, तेव्हा सुमारे १,८०० प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक भाग निघाले. लष्कराची ही कथा, तर तालुक्याच्या कारखान्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

आणि सुट्या भागांसाठी वणवण केवळ आपल्याच नशिबी आहे असे समजू नका. २००२ साली खुद्द नासा इंटरनेटवरील लिलावात इंटेलच्या ८०८६ चिप शोधीत होती. स्पेस शटलच्या बूस्टरची तपासणी करणारी उपकरणे या १९७८ सालच्या चिपवर चालत. त्या मिळाव्यात म्हणून नासाने जुनी वैद्यकीय उपकरणेसुद्धा विकत घेतली.

तर कार्ड घेऊन आम्ही परतलो. तोवर चौथा दिवस उजाडला होता. बाकीची सेंट्रिफ्युगल चालू होती, त्यामुळे कारखाना थांबला नव्हता, पण गाळप मंदावले होते आणि गव्हाणीबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्यांची रांग वाढत होती. तोडलेला ऊस वाळतो, वजनात घटतो, त्यातील साखरेचे विघटन होऊ लागते. रांगेतला शेतकरी हा तोटा आपल्या खिशातून भरतो. पीएलसी हा शब्दही त्याने ऐकलेला नसतो.

कार्ड बसविले. दिवा लागला. यंत्र ढिम्म! प्रोग्रॅमच गेला होता. या जातीच्या नियंत्रकात प्रोग्रॅम ज्या स्मृतीत असतो तिला अखंड वीज लागते. मुख्य वीज गेली की एक छोटी लिथियमची बॅटरी ती जागी ठेवते. बॅटरी बदलण्याची सूचना देणारा लाल दिवा म्हणे वर्षभर लागलेला होता. तो तसाच असतो, अशी सर्वांची समजूत झाली होती.

आम्हाला वाचविले ते एका वहीने. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका इलेक्ट्रिशियनने तो प्रोग्रॅम, प्रत्येक टायमरच्या सेकंदांसह, शाळकरी दोनशे पानी वहीत उतरवून ठेवला होता. त्यांना सांगितलेले नव्हते. ‘असावं म्हणून’ उतरवला, असे ते म्हणाले. प्रोग्रॅम भरायला जुना संगणक हवा होता. तो आमच्या महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीत निघाला. तो भंगारात काढावा असा अर्ज मी स्वतः दोनदा केला होता, हेही कबूल करतो. पाचव्या दिवशी, आधी रिकामी टोपली अनेकदा फिरवून व ब्रेक तपासून, यंत्र सुरू झाले.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सगळेच नवे बसवा. पुष्कळदा तेच योग्य असते. परंतु नवा नियंत्रक म्हणजे नव्या तारा, नवा प्रोग्रॅम, नव्या चाचण्या. ते काम हंगाम संपल्यावर, नीट आखून करायचे असते. तोपर्यंत जुने चालले पाहिजे. आणि यंत्राने मुळात काय करायचे हे कोठे लिहिलेलेच नसेल, तर नवा प्रोग्रॅम लिहिणार तरी कशावरून? २०१३ साली कॅनडातील अणुऊर्जा क्षेत्रातल्या एका कंपनीला पीडीपी-११ या १९७० सालच्या संगणकाचे प्रोग्रॅमर हवे होते, तेही २०५० पर्यंत काम चालेल या हिशोबाने. तिला उणीव माणसांची होती.

माझे मत स्पष्ट आहे. उत्पादन थांबविण्याचा हक्क कंपनीला आहे. पण ज्या दिवशी ती सुटे भाग देणे थांबवील, त्या दिवशी तिने कार्डांचे नकाशे आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकांच्या हवाली करावी, आणि हे कायद्याने बंधनकारक असावे. कंपन्या म्हणतात, प्रतिस्पर्धी नक्कल करतील. जे कोणी विकत घेत नाही त्याची नक्कल करून कोण श्रीमंत होणार? त्यांचा दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. चुकीच्या दुरुस्तीने अपघात होईल, असे त्या म्हणतात. टनभर माल फिरविणाऱ्या यंत्राबाबत ही भीती खोटी नाही. मात्र नकाशा नसला म्हणून दुरुस्ती थांबत नाही. ती अंदाजाने केली जाते, आणि ते अधिक धोक्याचे. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रे घेतली. कारखान्यांचे नियंत्रक त्यांत नव्हते. ते असायला हवे होते.

शिक्षक मित्रांना एक विनंती. प्रयोगशाळेतील जुने उपकरण काढून टाकण्यापूर्वी ते मुलांसमोर उघडा आणि त्याचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. आम्ही आता दरवर्षी एक करतो. पहिल्या नकाशात चार चुका निघाल्या, त्यांपैकी दोन माझ्या होत्या.

त्या कारखान्याने पुढल्या उन्हाळ्यात सर्व सेंट्रिफ्युगलचे नियंत्रक बदलले. नवा प्रोग्रॅम त्या वहीवरूनच लिहिला गेला. काढलेली जुनी कार्डे भंगारात गेली नाहीत. शेजारच्या तालुक्यातील कारखान्यात अजून तोच नियंत्रक आहे. त्यांचा माणूस जीप घेऊन आला आणि कार्डे घेऊन गेला, बरोबर त्या वहीची झेरॉक्सही.